मिनेसोटातलं कॅथलिक कॉलेज, नाशिकची मुलगी आणि सासूबाईंचा एकच प्रश्न

नाशिकरोडची आई

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसतीच वाचतेय इथे, धागा काढायची पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंग नको, नीट तर अजिबातच नको. तिला केमिस्ट्री शिकायचीय आणि जोडीला इतिहास. असं एकदम कुठे शिकवतात का गं, म्हटलं तर तिने लॅपटॉपच माझ्याकडे वळवला. अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं. यादीत पाच नावं, त्यातली तीन कॅथलिक. सगळ्यात वर मिनेसोटातलं कॉलेज ऑफ सेंट बेनेडिक्ट. ते फक्त मुलींचं, जवळच मुलांचं सेंट जॉन्स, आणि वर्ग म्हणे दोघांचे एकत्र.

नवरा म्हणतो, आर्ट्सलाच जायचं तर कॉलेज रोडवर एचपीटी आहे की, अमेरिका कशाला? सासूबाईंचं एकच पालुपद: "बाटवून परत पाठवतील." याच सासूबाईंनी नातीला कॉन्व्हेंट शाळेत घालायचा हट्ट धरला होता, इंग्रजी सुधारेल म्हणून. पण हे मी बोलून दाखवलेलं नाही, घरात राहायचंय मला.

कोणी अशा कॉलेजात शिकलेलं आहे का? धर्माचं कितपत असतं? चर्चला जावं लागतं का? आम्ही शाकाहारी आहोत. आणि अर्ज करतात कसा? एका समुपदेशकाने नुसती यादी तपासून द्यायचे पंचवीस हजार सांगितले, तिथून उठून आले.

बोरिवली पश्चिम

वर्षाला साठ लाख घालून बी.ए.? त्यापेक्षा मुलीच्या नावावर फ्लॅट घ्या. भाडं तरी येईल.

पेवातली हळद

ताई, मी तिथलीच. सेंट बेनेडिक्ट, २०१२ ते २०१६. माहेर सांगली. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी नावांचा घोळ मिटवते, कारण त्यात पैसे जातात. अमेरिकेत सेंट जॉन्स पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं मोठं विद्यापीठ आहे, तेही कॅथलिक, पण व्हिन्सेन्शियन नावाच्या संघाचं. अ‍ॅनापोलिस आणि सांता फे इथलं सेंट जॉन्स कॉलेज नावाने संताचं, पण कॅथलिक नाहीच. आणि आमचं ते कॉलेजव्हिलचं, १८५७ साली बेनेडिक्टिन संघाच्या साधूंनी काढलेलं. पाटीवर युनिव्हर्सिटी लिहिलंय तरी जीव कॉलेजएवढाच. माझ्या बरोबरीच्या एका मुलाने टोफेलचे, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचे, मार्क चुकून क्वीन्सला पाठवले आणि पुन्हा फी भरून इकडे पाठवले. कॉलेजचा कोड दोनदा तपासायला सांगा.

मुलींचं कॉलेज सेंट जोसेफ या छोट्या गावात आहे. तिथल्या सिस्टरांच्या मठाने ते १९१३ मध्ये सुरू केलं. होस्टेलं वेगळी, पदवीच्या कागदावर नाव वेगळं, पण वर्ग, प्राध्यापक सगळं एक. दोन्हींमध्ये बस धावते, तिला 'लिंक' म्हणतात. माझी निम्मी चार वर्षं त्या लिंकमध्ये गेली. मोठं शहर म्हणजे मिनियापोलिस, ते सव्वाशे किलोमीटर. मधे मका, सोयाबीन आणि तळी.

आता सासूबाईंचा प्रश्न. चर्चला जायची सक्ती नाही. धर्म बदलशील का, असं चार वर्षांत मला एकानेही विचारलं नाही. सक्ती आहे ती थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, शिकायची. माझ्या वेळी दोन कोर्स करावे लागत. पुढे २०२० पासून अभ्यासक्रमाची मांडणी बदलली, पण थिऑलॉजी काही सुटलेली नाही. त्यामुळे मुलीला ते वाचायचंच नसेल तर तिने अर्ज करू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

पहिला कोर्स बायबलच्या परंपरेवर. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत जगाच्या निर्मितीच्या दोन वेगळ्या कथा शेजारी शेजारी आहेत, त्या वाचून तीन पानं लिहायची होती. मी सांगलीची, बोर्डात मराठीला पंच्याण्णव. 'सर्व धर्मांचे सार एकच' या धर्तीवर झकास लिहून दिलं. कागद परत आला तो समासात जागोजागी एकच वाक्य घेऊन: 'हे कुठल्या ओळीत आहे?' एकूण अकरा वेळा. ग्रेड सी. मी रडले, मग भांडायला गेले. सर म्हणाले, तुला काय वाटतं ते आपण नंतर बोलू, आधी पानावर काय आहे ते दाखव. पहिल्या कथेत माणूस शेवटी येतो, दुसऱ्या कथेत झाडांच्याही आधी. हे मला तोवर दिसलंच नव्हतं! दोन्ही कथा मी वाचल्या होत्या बरं का. त्या सरांनी मला ख्रिस्ती केलं नाही. पण तेव्हापासून घरी पोथी वाचतानाही मी मधेच थांबते आणि आई वैतागते, एवढं नुकसान झालं खरं.

सेंट जॉन्सला साधूंचं मोठं चर्च आहे. मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पकाराने बांधलं, १९६१ मध्ये पुरं झालं. समोर घंटा टांगलेला काँक्रीटचा ११२ फुटी फलक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, धरणाचं काम अर्धवट राहिलंय. आत मात्र एक अख्खी भिंत मधाच्या पोळ्यासारखी, षटकोनी रंगीत काचांची. लिंक चुकली की थंडीत उभं राहायला नको म्हणून मी आत जाऊन बसायचे. साधू दोन बाजूंना बसून स्तोत्रं म्हणतात, एक बाजू एक कडवं, दुसरी दुसरं. आणि ओळीच्या मधोमध थांबतात. इतका वेळ थांबतात की नव्या माणसाला वाटतं, कोणीतरी विसरलं. मी एकदा त्या शांततेत खोकले, तो खोकला मला अजून ऐकू येतो.

तिथेच हस्तलिखितांचं संग्रहालय आहे. इथिओपिया, इराक, सीरिया, माली अशा ठिकाणच्या, अगदी केरळातल्याही जुन्या पोथ्यांची छायाचित्रं घेऊन जपतात. आणि तिथे आहे सेंट जॉन्स बायबल. छपाईच्या जमान्यात अख्खं बायबल हाताने, पिसाच्या बोरूने लिहून घेतलेलं. १९९८ मध्ये डोनाल्ड जॅक्सन या सुलेखनकाराला काम दिलं, २०११ मध्ये संपलं. उघडलं की रुंदी तीन फूट. पानं वासराच्या कातड्याची, हे कळल्यावर मी दोन पावलं मागे सरकले होते. पण स्तोत्रांच्या भागात त्यांनी मठातल्या गाण्याच्या ध्वनिलहरी सोन्यात काढल्यात आणि त्यांच्यातून इतर धर्मांच्या गाण्यांच्या लहरी उभ्या गेल्यात. त्यात हिंदू भजनसुद्धा आहे. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, कुठलं भजन? ते मला सांगता आलं नाही. तिला ते फार लागलं, एवढी शिकून काय उपयोग म्हणाली.

केमिस्ट्री आणि इतिहास एकत्र, हे तर तिथे कोणालाच नवल वाटणार नाही. माझी केमिस्ट्रीच मुख्य होती. सेंट जॉन्सला कुंभारकामाचा स्टुडिओ आहे, रिचर्ड ब्रेस्नहन जपानात शिकून आले आणि १९७९ पासून चालवतात. माती जवळपासची, चकाकीसाठी लागणारी राख शेतातल्या काडीकचऱ्याची. त्यांची लाकडाची भट्टी ८७ फूट लांब आहे. जोहाना तिचं नाव, पूर्वेकडच्या मातीकामाच्या अभ्यासक असलेल्या एका सिस्टरांवरून ठेवलेलं. ती रोज पेटत नाही, दोनेक वर्षांतून एकदा. पेटली की दिवसरात्र दहाएक दिवस लाकूड घालत राहायचं. मी असताना पेटली तेव्हा मी रात्रीच्या पाळीला नाव दिलं. तेराशे अंशांच्या आसपास लाकडाची राख वितळून भांड्यावर काच होऊन बसते. सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोखंड, पोटॅश हे सगळं मी परीक्षेला पाठ केलं होतं. पहाटे तीनला तोंड भाजत असताना एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने ज्वाळेचा रंग बघून सांगितलं, आता आत हवा कमी पडतेय. मी मनात समीकरण मांडलं, बरोबर निघालं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध राखेच्या चकाकीवर होता. आणि तो लिहायला कोरियातले कुंभार जपानात कसे नेले गेले, तो इतिहासही वाचावा लागला.

बाकी कौतुक पुरे. एकटेपणा भयंकर असतो, तो कोणत्याच माहितीपत्रकात नसतो. शुक्रवारी संध्याकाळी निम्म्या मुली गाडी काढून घरी जातात. गावात एक रस्ता, चार दुकानं. ऑक्टोबरात साडेसहाला अंधार, तो पुढे साडेचारवर येतो. मिनियापोलिसजवळ मेपल ग्रोव्हला हिंदू मंदिर आहे, मोठं, पण गाडी असेल तर तासाभरावर. माझी पहिली दिवाळी खोलीत, मायक्रोवेव्हमधला भात आणि आईने दिलेलं मेतकूट. मुलगी मुंबईच्या गर्दीत रमणारी असेल तर विचार करा.

नाशिकरोडची आई

हळद, किती मनापासून लिहिलंत. सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. भजनापाशी आल्यावर त्यांनी चष्मा लावून फोन स्वतःच्या हातात घेतला. काही बोलल्या नाहीत, पण बाटवण्याचं आज निघालं नाही.

अर्जाचं जरा सांगाल का? निबंध लिहायचा म्हणजे काय लिहायचं? हिने 'विज्ञान : शाप की वरदान' छापाचं काहीतरी सुरू केलंय. आणि तीन शिफारसपत्रं लागतात म्हणते, पण ज्युनिअर कॉलेजमध्ये हिला ओळखतं कोण? अर्धी मुलं इंटिग्रेटेडवाली, म्हणजे क्लासलाच बसणारी, वर्ग रिकामे.

पेवातली हळद

शाप की वरदान ताबडतोब थांबवा!

अर्ज कॉमन अ‍ॅपवरून जातो, एकच अर्ज अनेक कॉलेजांना. मुख्य निबंध साडेसहाशे शब्दांच्या आत. मीसुद्धा आधी देशसेवेवर लिहिलं होतं. मग बहिणीने वाचून विचारलं, यात तू कुठेयस? मग आजोबांच्या पेवावर लिहिलं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायचे, त्याला पेव म्हणतात. तोंड अरुंद, पोट मोठं. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा विषारी झालेली असते. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, पिवळा चिखल बाहेर आला, तेव्हा मी शाळेत होते. कंदील का विझतो हा प्रश्न मी आजोबांना विचारला होता आणि त्यांचं उत्तर होतं, "देव श्वास घेतोय." साडेसहाशे शब्दांत एवढंच. त्यांचं उत्तर आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं उत्तर, दोन्ही. निकाल मी लावला नाही. पुढे प्रवेश विभागातल्या बाई पहिल्या भेटीत म्हणाल्या, कंदीलवाली मुलगी तूच ना? मार्क कोणाच्या लक्षात नव्हते.

तुमच्या मुलीकडे असं काहीतरी असणारच. तिला विचारा, कुठल्या गोष्टीबद्दल ती जेवताना न थांबता बोलते.

देवाधर्माचं ओढूनताणून घालू नका. कॅथलिक कॉलेज म्हणून मदर तेरेसांवर लिहिणारे ढिगाने असतात. हिंदू आहे म्हणून लपवायचं नाही, मिरवायचंही नाही.

शिफारसपत्रं ही खरी डोकेदुखी. आपल्याकडे शिक्षकांना अशी पत्रं लिहायची सवय नसते. माझ्या बाईंनी पहिल्यांदा लिहिलं ते असं: 'सदर विद्यार्थिनी सुस्वभावी, नियमित व आज्ञाधारक असून तिचे चारित्र्य उत्तम आहे.' दोन ओळी, खाली सही-शिक्का. हे पोलिस पाटलाचं दाखलापत्र झालं. मग मी त्यांच्याकडे एक कागद घेऊन गेले, त्यावर आठवणी लिहिल्या होत्या. टायट्रेशनला माझा रंग तीनदा गेला आणि मी चौथ्यांदा सुट्टीत येऊन केलं, वगैरे. त्या हसल्या आणि मग एक पानभर लिहिलं त्यांनी, सुंदर. इंग्रजी मोडकं होतं, मी तसंच राहू दिलं. बारावीला कोणी ओळखत नसेल तर दहावीच्या शाळेतल्या बाईंना गाठा, त्या ओळखत असतील.

शिवाय शाळेच्या समुपदेशकाच्या नावाचाही एक फॉर्म असतो. आपल्याकडे तो माणूसच नसतो, मग उपप्राचार्य किंवा प्राचार्य भरतात. त्यांचा ईमेल कॉलेजच्या नावाचा असला तर बरं. आमच्या कार्यालयातल्या क्लार्ककाकांना ऑनलाइन भरायचं पटेना. ते म्हणाले, लाखेचं सील लावून पाकीट देतो, तू पोस्टाने पाठव. शेवटी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पासवर्ड टाकायला शिकवलं. एक आख्खी दुपार. जाताना एक डबा नारळाच्या वड्या घेऊन जा, हा अधिकृत सल्ला समजा.

नववी ते बारावीच्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका लागतात. नववीची बहुतेकांनी टाकून दिलेली असते, आजच शोधा. एसएटी ही तिकडची प्रवेशपरीक्षा आता बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे, इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागते.

जेवणाचं राहिलं. उपाशी राहणार नाही. सॅलड, पास्ता, बीन्स, अंडी चालत असतील तर बरंच काही. पण सूप विचारूनच घ्यायचं, भाज्यांच्या सुपातही गाईच्या हाडांचं पाणी असू शकतं. मार्शमॅलो आणि जेलीत जिलेटिन. मी पहिल्या महिन्यात आवडीने खाल्लेली हिरवी जेली काय होती हे नंतर कळलं. आईला आजतागायत सांगितलेलं नाही, ती इथे येत नाही म्हणून लिहितेय. लेंटमध्ये मात्र आपली चंगळ. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस, त्यांचा चातुर्मासच म्हणा. शुक्रवारी मांस नाही, मासे मात्र चालतात. अख्ख्या कॅम्पसला जवळजवळ आपलं ताट.

वसईकर कुपारी

हळदताईंशी सहमत, फक्त एक भर घालतो. मी स्वतः कॅथलिक, घरात सामवेदी ही वसईची बोली बोलणारा, मुंबईत झेवियर्सला शिकलो. तिथे वर्गात आम्ही ख्रिस्ती मूठभर. १८६९ पासून ते कॉलेज आहे, किती मराठी-गुजराती घरांतली पोरं तिथून शिकून गेली, कोणाच्या आजीची झोप उडाली नाही. अमेरिका म्हटलं की उडते.

कॅथलिक म्हणजे सगळं एकच समजू नका. आपल्याकडे वारकरी वेगळे, नाथपंथी वेगळे, तसे यांचे संघ. जेझुइट हे शिक्षण आणि वादविवादवाले. वूस्टरचं होली क्रॉस कॉलेज त्यांचं, १८४३ चं. बेनेडिक्टिन एका जागी मठ धरून राहणारे, प्रार्थना आणि काम. पाहुण्याला ख्रिस्तच समजून घरात घ्या, हे त्यांच्या नियमपुस्तकातच आहे. म्हणून परक्या मुलांना तिथे बरं वाटत असावं. आणि कॅलिफोर्नियाचं थॉमस अ‍क्वायनस कॉलेज घ्या, १९७१ मध्ये सुरू झालेलं. तिथे मेजर, म्हणजे निवडलेला मुख्य विषय, हा प्रकारच नाही. सगळ्यांनी तेच ग्रंथ वाचायचे, युक्लिडपासून. वातावरण पुरतं धार्मिक. वाईट म्हणत नाही मी, उलट मला आवडलं असतं. पण तुमच्या मुलीला केमिस्ट्रीची लॅब हवी असेल तर ते तिचं कॉलेज नव्हे. यादीतल्या तिन्हींचा संघ कोणता, थिऑलॉजी किती आणि होस्टेलचे नियम काय, एवढं बघून घ्या.

आमच्या भाच्याने अर्जाला पॅरिशच्या फादरांचं पत्र जोडलं होतं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यासकट. कॉलेजने ते मागितलंच नव्हतं. नापासांच्या यादीत त्याचं नाव बाप्तिस्म्यासकट गेलं.

आकडेमोड

सगळे भावनेत वाहताहेत, मी रुक्ष बोलतो. बोरिवलीकरांचा टोमणा अर्धाच खरा आहे. खोली-जेवण धरून अशा खासगी कॉलेजांचा छापील आकडा वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आसपास जातो, पण छापील किंमत देणारे कमी. गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती परदेशी मुलांनाही मिळते. तेव्हा ऑफरच्या पत्रातला शिष्यवृत्तीचा आकडा बघून नाचू नका, तो वजा करून उरतं काय ते बघा. आणि ते चारने गुणू नका. शिष्यवृत्ती बहुधा चारही वर्षं तेवढीच राहते, फी दरवर्षी चढते. टिकवायला किती जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, लागतो, आरोग्य विमा धरलाय का, सुट्ट्यांत होस्टेल उघडं असतं का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा.

शिष्यवृत्तीचा जो भाग ट्यूशनच्या वर जाऊन खोली-जेवणाला लागतो, तो तिथे करपात्र असतो. एफ-१ वाल्यांचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांचे, त्यावर चौदा टक्के कापतात. भारताशी असलेल्या करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते इतर बहुतेक देशांच्या मुलांना नाही. रिटर्न भरताना विसरू नका, बऱ्याच जणांचे हे पैसे तसेच राहतात.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म, हातात येण्याआधी निदान पहिल्या वर्षाचे पैसे कागदावर दाखवावे लागतात. मग सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर, व्हिसाच्या अर्जाचे १८५, मग मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीची रांग. जून २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. मुलाखतीत हटकून येणारा प्रश्न, हेच कॉलेज का? 'रँकिंग चांगलं आहे' हे उत्तर देऊ नये. हळदबाईंची भट्टी सांगितली तर अधिकारी निदान वर तरी बघेल. घरून पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या पुढे टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर नाही. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर रोकड अडकते.

सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. त्यात फोनचा नि कपड्यांचा खर्च निघतो, फी नाही. पदवीनंतर एक वर्ष ओपीटी, म्हणजे तिथे नोकरी करायची परवानगी, केमिस्ट्री असेल तर आणखी दोन. नुसता इतिहास घेतला तर ती दोन वर्षं नाहीत. म्हणून दोन्ही मेजर करायची असली तरी केमिस्ट्री सोडू नका म्हणावं.

बोरिवली पश्चिम

टीसीएसचं माहीत नव्हतं. फ्लॅटचं मत कायम.

नाशिकरोडची आई

सगळ्यांचे आभार. नववीची गुणपत्रिका सापडली, सासूबाईंच्या ट्रंकेत, पासबुकांच्या मधे. त्यांनी पहिलीपासूनच्या सगळ्या ठेवल्यात. आम्हाला पत्ताच नव्हता.

निबंधाचं म्हणाल तर हिने आता नाशिकच्या तांब्याच्या भांड्यांवर लिहायला घेतलंय. आजीच्या घंगाळाला हिरवट थर का चढतो आणि तो चिंचेने का जातो, यावर ही जेवताना खरंच थांबत नाही. काल तांबट आळीत जाऊन दोन तास बसली होती.

एक विचारायचं होतं, सासूबाईंनीच विचारायला सांगितलंय. तिथल्या सिस्टर म्हणजे नन, त्या कशा असतात? हिच्या शाळेतल्या फार कडक होत्या.

पेवातली हळद

ताई, घंगाळ! पक्कं करून टाका.

सिस्टर आता बहुतेक म्हाताऱ्या आहेत. एके काळी त्या मठात हजारावर होत्या, मी गेले तेव्हा त्यातल्या थोड्याच उरल्या होत्या. कॉलेजात एक पद्धत आहे, ज्या मुलीला हवं तिची एका सिस्टरशी जोडी लावून देतात. माझ्या वाट्याला आल्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, साधा स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही पत्ते खेळायचो आणि त्या राजरोस फसवायच्या. शेतकऱ्याच्या घरातल्या, दहा भावंडं. हळद जमिनीत पुरून ठेवतात म्हटल्यावर त्यांनी बटाट्याच्या तळघराच्या गोष्टी सांगायला घेतल्या, त्या दोन गुरुवार पुरल्या. दुसऱ्या वर्षी गणपतीत मी त्यांच्या स्वयंपाकघरात मोदक केले. उकड फसली, पाच फुटले. त्यांनी विचारलं, कळ्या किती असाव्यात असा काही नियम आहे का? मी म्हटलं, आजी अकरा म्हणते. त्यांनी न फुटलेला एक उचलून मोजल्या. सात भरल्या. "मग हा नवशिकीचा," म्हणाल्या आणि खाल्ला.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्या गेल्या, फेब्रुवारीत. मठाच्या स्मशानात सगळ्यांचे क्रूस एकसारखे, कोण प्राचार्य होतं आणि कोण धोबीघरात, काही कळत नाही.

सासूबाईंना सांगा, मोदकाची पिठी बरोबर द्यायची असेल तर पाकीटबंदच द्या, वर छापील नाव असलेली. मी घरी दळलेली डब्यात भरून नेली होती. शिकागोला त्या पांढऱ्या पुडीवरून माझी आख्खी बॅग टेबलावर आली आणि मेतकूट म्हणजे काय हे मला एका बंदूकवाल्या माणसाला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं.